शिवा तांडेलाचा लाल डोळा

शिवाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. तरी मालवणच्या बंदरावर त्याला बेवडा तांडेल म्हणत. वर्षानुवर्षं होडीचा म्होरक्या म्हणून समुद्रावर ऊन, वारा, खारं पाणी झेलून त्याचा उजवा डोळा सदा लालभडक असायचा. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा बुबुळावर चढत होता. कोणी चिडवलं तर शिवा हसून सोडून द्यायचा.

मग त्याच्या मुलीला, पूजाला, बघायला कणकवलीची माणसं आली. चहा पिऊन गेली आणि निरोप आला, बाप पिणारा दिसतो. त्या रात्री शिवा जेवला नाही.

"त्यांका जाऊंदेत, बाबा," पूजा म्हणाली. "पण तू डोळो दाखव."

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलून पाहिलं. "याला नाखुना म्हणतात. बाहुलीपर्यंत पोचला तर नजर जाईल."

"डोळ्यात टाके घालतल्यात?" शिवाचा आवाज चिरकला.

"टाके नाहीत. वाढलेलं काढायचं आणि वरच्या पापणीआड झाकलेला पातळ पापुद्रा काढून तिथे बसवायचा. तुमचंच रक्त त्याला चिकटवून धरतं. पण नंतर महिनाभर समुद्र बंद."

मासेमारीची पावसाळी बंदी संपत आली होती. मोसमाची पहिली होडी त्याने कधी चुकवली नव्हती. बाहेर बाकावर तो बराच वेळ बसला. शेवटी पूजाला म्हणाला, "आपल्या खलाशाक, मंगेशाक सांग, होडी तूच ने."

ऑपरेशनमध्ये तो जागाच होता. दुखलं नाही, फक्त डोळ्यावर पांढरा उजेड आणि बाईंचा आवाज, "हलू नका हं, आता नवा पापुद्रा धरतोय." शिवाने श्वाससुद्धा जपून घेतला.

घरी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं. पूजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन औषधाचे थेंब घालायची. एवढ्या जवळून त्याने तिला ती लहान असतानाच पाहिलं होतं.

होड्या सुटल्या तेव्हा तो काळा चष्मा लावून माडाच्या सावलीत उभा होता. मंगेशने नांगर उचलला. न राहवून तो ओरडला, "खडपाकडून जपान जा रे!"

"व्हय, काका!" मंगेशने हात केला.

होडी खडपाचे काळे खडक टाळून पुढे गेली, तेव्हा कुठे शिवाने मागे वळून घराची वाट धरली.