मोईखालची सकाळ

मी तीस वर्षं शाळेत कीटकांचं जीवनचक्र शिकवलं, पण चंद्रपतंगाला कोशातून बाहेर येताना एकदाही पाहिलं नाही. माझ्या शेजारच्या शांताकाकू मात्र दर फाल्गुनात परसातल्या मोईच्या झाडावर ते पाहतात.

परवा सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "बाई, लवकर या!" मी धावले, पण उशीर झाला होता. फिकट हिरवे, लांब शेपट्यांचे पंख पसरून मादी खालच्या फांदीला लटकली होती.

"आत्ताच निघाली हो. पंख नुसते चुरगळलेले होते, ओल्या फडक्यासारखे. बघता बघता उलगडले," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझा मात्र जळफळाट झाला. या पतंगाचं नावसुद्धा ठाऊक नसलेल्या बाईला हे दरवर्षी दिसावं!

त्या मादीसाठी काकूंनी वाटीत साखरपाणी आणून ठेवलं होतं. मी म्हणाले, "ती पिणार नाही. तिला खाण्यापिण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना खाल्लं तेवढ्यावर आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते."

हे मी शिकवण्यासाठी सांगितलं नाही. काकूंचा आनंद मला सोसवेना, म्हणून सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. मग त्या घरातून सतरंजी आणून झाडाखाली बसल्या.

"आठवडाच ना? मग बसते हिच्याजवळ," त्या म्हणाल्या आणि सरकून मला जागा करून दिली.

मी बसले. इतकं ठाऊक असूनही असं नुसतं जवळ बसावं, हे मला सुचलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.