अळणी सांजा

आमच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी वडिलांनी आळीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आळीनं ते पाणी तोंडात घेऊन बघितलं आणि वडिलांना हसून घेतलं. पेढे खाल्लेलीच तोंडं हसली, हे मी अजून विसरलेले नाही. पाणी खारं होतं. मचूळ म्हणून मनाची समजूत घालावी इतपतही नव्हे, चांगलं खारं.

स्वातंत्र्य मिळून दोनएक वर्षं झाली असतील. वडील ठाण्याला नोकरीला होते आणि कळव्याला खाडीच्या अंगाला त्यांना जमिनीचा एक तुकडा स्वस्तात मिळाला होता. तो स्वस्तात का मिळाला ते विहीर खणल्यावर कळलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती, त्याला सगळे शिव्या घालू लागले. वडील मात्र त्याचीही बाजू घ्यायचे. म्हणायचे, "त्यानं पाणी आहे एवढंच सांगितलं होतं. गोडं आहे असं कुठे म्हणाला तो?" विहीर बुजवून टाका असा सल्ला द्यायला रोज कोणीतरी यायचं. वडील त्याला सांगायचे, "बुजवू की. तुम्ही आधी आत उतरा." मग तो सल्लागार पुन्हा येत नसे. हा हेकटपणा माझ्यात कुठून आला असं पुढे लोक विचारत, त्याचं उत्तर हे आहे.

प्यायचं पाणी आई थोरल्या घराच्या विहिरीवरून आणायची. थोरलं घर म्हणजे आळीच्या टोकाचं, चढावरचं, तिथल्या जुन्या जमीनदारांचं. आळीत गोडी विहीर ती एकच. पाण्याचे पैसे ते घेत नसत आणि हे ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत. पण उन्हाळ्यात त्यांच्या घरी पापड-कुरडयांचा घाट घातला की पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईनं आपलं लाटणं घेऊन हजर राहायचं, असा तिथला रिवाज होता. कोणी बोलावत नसे. नुसतं "परवा पीठ भिजवणार आहोत" एवढंच विहिरीवर सांगितलं जाई, की बायका समजायच्या. आमच्या घरचे पापड आई मग उरल्या वेळात, दुखत्या मनगटानं लाटायची.

एका वर्षी माझ्या धाकट्या भावाला विषमज्वर झाला आणि आई पापडांना गेली नाही. दुसऱ्या सकाळी ती कळशी घेऊन गेली, मी तिच्याबरोबर होते. आमच्या पुढच्या दोघीजणी पाणी भरून गेल्या. आईची पाळी आली तेव्हा घरच्या मालकीणबाई ओटीवरून उतरल्या, रहाटाचा दोर सोडला आणि कुंपणावर नेऊन टाकला. म्हणाल्या, "दोर वाळायला हवा आज." दोर ओला होता हे खरंच होतं. विहिरीचा दोर ओला नसेल तर काय असेल?

आई रिकामी कळशी कमरेवर घेऊन घरी आली, आमच्या विहिरीत पोहरा सोडला आणि म्हणाली, "आजपासून हेच."

आणि तेच झालं. भाऊ बरा झाला आणि तोंड वेडंवाकडं करत आम्ही सगळे ते पाणी प्यायला शिकलो. पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे लावायचे, त्यावर काही दिवस चैनीत जायचे. बाकी वर्षभर त्या पाण्याशी मारामारी. तुरीची डाळ रात्री भिजत घालायची, तरी सकाळी ती चुलीवर टणाटण उड्या मारायची. साबण घासून घासून झिजायचा पण फेस येत नसे, म्हणून रिठे आणि राख. दूध चहाबरोबर उकळलं की नासायचं, म्हणून ते कपात वरून घालायचं. भांड्यांवर पांढरं किटण चढायचं, केस काथ्यासारखे व्हायचे. शाळेत मला 'खाऱ्या विहिरीची' म्हणायचे. मी एकदा एकीची वेणी ओढली, त्यानंतर माझ्या देखत म्हणत नसत.

मिठाची बरणी आमच्याकडे वरच्या फळीवर गेली. ती लोणच्यापुरती, नाहीतर पाऊस-थंडीत चिमटीपुरती खाली यायची. आमच्या मागे मिठागरावर कामाला जाणाऱ्यांची घरं होती. तिथली एक म्हातारी मला वाण्याकडे निघालेली बघून म्हणायची, "मिठासाठी दुकानान कशाला जातंस, बाय? तुमचे बावरीन हाय नं." ती बावरी म्हणायची ती आमची विहीर. म्हातारीचं खोटं नव्हतं. मी स्वयंपाक शिकले तोच मुळी मिठावाचून. श्रावणात पावसानं पाण्याचा खारेपणा उतरायचा, तेव्हा चिमूटभर मीठ लागायचं. थंडीत त्याहून कमी. शिमगा उलटला, विहिरीचा तळ दिसू लागला की भाताच्या, पिठल्याच्या आधणात मिठाचा कणसुद्धा घालायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, हातालाच कळत गेलं. दुसऱ्याच्या घरी मी काही शिजवलंच नव्हतं, तेव्हा जगात सगळीकडे असंच असतं असं माझ्या हाताला वाटत असावं.

मी मॅट्रिक झाले आणि पुढच्याच वैशाखात मला कल्याणचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेच्या कचेरीत. स्थळ आणलं होतं वडिलांच्या एका चुलत मामांनी. आईनं हे स्थळ मनावर घेतलं. खाऱ्या पाण्यानं काळवंडलेली, राठ केसांची, वर तोंडाळ, अशी माझी कीर्ती पसरत चालली होती आणि याआधी दोन ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला होता. आई म्हणाली, "चहाचं काय करायचं? पाहुण्यांच्या कपात दूध नासलं तर?" मी म्हटलं, "चहा नकोच. कोकमाचं सरबत करू, त्यात खारेपणा मुरतो." आई बरं म्हणाली. तिला ते पटलं असं मला वाटलं, यात माझी चूक झाली.

पाहुणे यायचे त्या सकाळी तिनं मला गिरणीवर पिटाळलं. मी आले तेव्हा चुलीशेजारी पाण्याची कळशी भरून ठेवलेली होती. मी त्याच पाण्याचं आधण ठेवलं, रवा भाजला, मिरच्या-कढीलिंबाची फोडणी घातली आणि सांजा केला. मीठ अर्थातच घातलं नाही. पाहुण्यांच्या आधी चाखून बघायची आमच्यात पद्धत नव्हती.

मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या असे तिघं मामांबरोबर आले होते. मी बशा दिल्या आणि सतरंजीच्या कडेला बसले. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि बशी खाली ठेवली. गोड आवाजात म्हणाल्या, "मुली, मीठ राहिलं वाटतं गं. पहिल्याच परीक्षेत?" मुलाचे वडील हसले. मामाही त्यांच्यामागोमाग हसले, त्यांना हसायलाच हवं होतं.

माझा विश्वास बसेना. मी उठून आत गेले, कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. गोडं होतं. इतक्या वर्षांनंतरही मला ती चव ओळखू आली, कुठल्या विहिरीची ते. आई दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. आईवर राग, थोरल्या घरावर राग, बाहेरच्या त्या हसण्यावर राग. कोणत्या रागानं मी काय केलं ते मला वेगळं काढता येणार नाही. मी परसात गेले, पोहरा सोडला, तांब्या भरला आणि भांड्यांसकट बाहेर नेऊन ठेवला.

"मीठ विसरले नाही," मी म्हटलं. "आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे. वैशाखात सांज्याला वेगळं मीठ लागत नाही. आज आईनं तुमच्यासाठी दुसऱ्यांकडून गोडं पाणी मागून आणलं आणि मला सांगितलं नाही. आमचं पाणी हे. बघायचं तर हे बघा."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मुलाच्या वडिलांनी ओठ बुडवल्यासारखं केलं आणि भांडं ठेवलं. मुलगा नुसता त्या भांड्याकडे बघत बसला. खरं सांगते, तो मला आवडला होता. शांत होता, सांजा अळणी असूनही त्यानं बशी संपवत आणली होती. त्यानं भांड्याला हात तरी लावायला हवा होता. लावला नाही.

ते गेल्यावर आई माझ्यावर भडकली. "तोंड आवरलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं, "तू तिकडे का गेलीस?" ती म्हणाली, "कुणासाठी गेले?" वडील मध्ये पडले आणि त्यांनी हळूच विचारलं, "काय कबूल करून आलीस?" तेव्हा ती बसली. मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवताचे सगळे पापड उद्यापासून लाटून द्यायचं आई कबूल करून आली होती.

"आणि काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आलात ना शेवटी."

आम्ही सगळ्यांनी उरलेला सांजा खाल्ला. वडिलांनी वरच्या फळीवरून मिठाची बरणी काढली.

सकाळी थोरल्या घरून निरोप आला, पीठ भिजलंय. आईनं लाटणं घेतलं, पदर खोचला, दारापर्यंत गेली. मी दोर वळत बसले होते, मुद्दाम वर बघितलं नाही. दिलेला शब्द ती मोडणार नाही हे मला माहीत होतं आणि त्याचाच मला संताप येत होता. ती तिथंच थोडी थांबली. मग परत आत आली, लाटणं ठेवलं आणि चुलीजवळची कळशी उचलून परसात नेली. कळशीत अर्धंअधिक पाणी शिल्लक होतं. वरचं आईनं आमच्या विहिरीचं भरलं, अगदी काठोकाठ, आणि निघाली. मी मागोमाग गेले.

थोरल्या घरी अंगणात बायका पाट-लाटणी मांडून बसल्या होत्या. आईनं कळशी त्यांच्या विहिरीच्या कठड्यावर ठेवली.

"कळशीभर नेलं होतं, कळशीभर आणलंय," ती म्हणाली. "फिटलं. पापडांना दुसरं कुणी बघा."

मालकीणबाई उठून आल्या, पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. "यात तुमचं खारं मिसळलंय."

"हो," आई म्हणाली. "वेगळं करता येत असेल तर करून घ्या. कळशी सावकाश पाठवा."

अंगणातली एकही बाई हसली नाही आणि एकीचंही लाटणं हलत नव्हतं.

आठवडा गेल्यावर मामा नकार घेऊन आले. मी माजघरात होते, सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, पाण्याचं एक वेळ चाललं असतं, पण मुलगी उर्मट आहे म्हणतात. मला रडू आलं. आपलं बरोबर होतं हे ठाऊक असलं म्हणून रडू थांबत नाही. आईनं आतून तांब्या नेला आणि मामांना भांडंभर पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेऊन ते खाली ठेवलं.

"संपवा," आई म्हणाली. "आमच्याकडे पाणी टाकत नाहीत."

ती उभीच राहिली. मामांना ते सगळं प्यावं लागलं, शेवटच्या घोटापर्यंत. मग तिनं भांडं उचललं.

"पुढचं स्थळ आणाल तेव्हा आधी त्यांना आमच्या विहिरीवर घेऊन या. एक भांडं पाणी पिऊन दाखवू देत. मुलगी नंतर दाखवू."