उपासाचं दळण

इंदिरानगरातल्या त्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची सून माहेरी गेलीय आणि कुणाला डॉक्टरांनी गहू बंद केलाय, हे सगळ्यांत आधी कळतं ते कौसरला. दळण वाढलं की पाहुणे, घटलं की माहेर, आणि गव्हाऐवजी नुसती ज्वारी यायला लागली की समजायचं, साखर वाढली. पण कौसर तोंडाची पक्की. इकडचं तिकडे करायची नाही.

पाच वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचा, कादरचाचांचा, दमा बळावला आणि बी.कॉम. झालेली ही मुलगी पिठाच्या गिरणीत उभी राहिली. तेव्हा गल्लीनं नाकं मुरडली होती. आता तीच माणसं घरातली घरघंटी झाकून ठेवतात आणि डबा घेऊन खाली येतात, कारण घरघंटीशी गप्पा मारता येत नाहीत. बाकावर टेकायचं, कांद्याच्या भावावर तोंडसुख घ्यायचं, एखादं लग्न जुळवायचं किंवा मोडायचं आणि गरम पीठ घेऊन घरी जायचं. गल्लीतली निम्मी कामं त्या बाकावर होतात.

चाचांना सगळ्यांत जास्त अभिमान होता तो उपासाच्या दळणाचा. साबुदाणा, भगर, राजगिरा भाजून बायका डबा निर्धास्तपणे त्यांच्या हवाली करत. चाचा आधी गिरणी उघडून ब्रशनं झाडत, पदरची मूठभर भगर दळून टाकून देत आणि मगच भाजणी घालत. तीस वर्षांची ही रीत कौसरनंही कधी मोडली नव्हती.

मोडली ती एकादशीच्या आदल्या संध्याकाळी. बाजरी दळताना वीज गेली. दीड तासानं आली, तोवर लोक डबे ठेवून घरी गेलेले. तिनं उरलेली बाजरी उरकली. तेवढ्यात सावित्रीबाई गायधनींचा फोन आला, "कौसर, माझी भाजणी झाली का गं?" "होतेच आहे," म्हणत तिनं डबा उचलला आणि भाजणी तशीच ओतली. झाडणं राहून गेलं. पीठ वर तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या घरी पोचवलं आणि गिरणी बंद केली.

सकाळी गिरणी उघडली तर भगरीच्या पांढऱ्या पिठाखाली बाजरीचा राखाडी थर. काल झाडणं राहिलं, हे कौसरच्या तेव्हा लक्षात आलं.

सावित्रीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बेचाळीस वर्षांत एक एकादशी चुकलेली नाही. त्या बोलल्या की गल्ली ऐकते. 'कादरच्या मुलीनं माझा उपास बाटवला,' एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या तरी चाचांच्या तीस वर्षांवर पाणी पडलं असतं. बरं, गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तो विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. आला आणि तिलाच लाज वाटली.

तिनं घरात जाऊन सांगितलं. चाचा खोकले, मग म्हणाले, "बेटा, थालीपीठ तव्यावर पडायच्या आत गाठ त्यांना. पळ."

तीन जिने चढून पोचली तेव्हा सावित्रीबाई दह्याबरोबर दुसरं थालीपीठ खात होत्या.

"आजी, थांबा!" कौसरला धाप लागली होती. "काल गिरणी झाडायची राहिली. आधी बाजरी होती. तुमच्या पिठात गेलीय. चूक माझी आहे, अब्बांची नाही."

सावित्रीबाईंचा हात ताटातच थांबला. "किती गेली?"

"मूठ-दोन मुठी."

"म्हणजे उपास मोडला."

"हो, आजी." कौसरचे डोळे भरून आले. आता आपल्या गिरणीत कुणी उपासाचा डबा टाकणार नाही, हे तिला दिसायला लागलं.

सावित्रीबाईंनी ताट बाजूला सारलं. देवघराकडे बघितलं. मग त्यांच्या छातीतून असा मोठा सुस्कारा निघाला, की कौसर घाबरलीच.

"अगं, साखर किती वाढलीय माझी, माहितेय? डॉक्टर दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय, उपास सोडा म्हणून. माझा मुलगा रोहित तर दर एकादशीला पुण्याहून फोन करून भांडतो. पण बेचाळीस वर्षांचा नेम, माझ्या हातानं मोडायचा धीरच होत नव्हता बघ." त्यांनी डोळे पुसले आणि हसल्याच. "आज मोडला. आणि मी बसलेय की धडधाकट!"

कौसरला हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदमच झालं.

"बस आता. वरण-भाताचा कुकर लावते, एकटीनं काय जेवू? आणि हे बघ, खाली कुणाला बोलू नकोस."

"माझं चुकलं ते?"

"नाही गं," सावित्रीबाई तांदूळ धुता धुता म्हणाल्या, "मी सुटले ते."