आखणी राहिलेली बाई

परदेश बघून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सबंध ग्रीस देश हा गणपतीचा कारखाना आहे असं समजून त्याची तपासणी करून आलेला माणूस या पृथ्वीवर एकच. तो म्हणजे आमच्या हिचे मामा. पेणजवळ हमरापूरला त्यांचा मूर्तींचा कारखाना. मी रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचो आणि सुटीच्या दिवशी मामांच्या हाताखाली पितांबर रंगवायचो. आठ वर्षं नुसतं पितांबर! चुकून ब्रश सोंडेकडे गेला, की मामा अत्यंत आदरानं म्हणायचे, "जावईबापू, तुमी कमरेखालीच ऱ्हावा." डोळ्यांची आखणी ते स्वतः करत, तीही दार लावून. ती विद्या त्यांनी सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. सर्वांत बारीक ब्रश कायम खिशात. लग्नात, मयतीत, एसटीत, कुठेही. मामांनी डोळे घातलेला गणपती घरात आला, की पुरुषमाणसं दहा दिवस विडी ओढायला अंगणाच्या पलीकडे जात, अशी त्यांची ख्याती होती.

आणि त्र्याण्णवच्या सुमाराला मामांचा हात कापायला लागला. एका हंगामात त्यांनी बाहेरचा कारागीर बोलावून डोळे घालून घेतले, तर वडखळची एक म्हातारी विसर्जनानंतर मुद्दाम येऊन म्हणाली, "गणपती छान होता, पन माझ्याकडं बगत नव्हता." झालं! मामांनी त्या दिवसापासून ब्रश खिशातून बाहेर काढला नाही. पुढच्या वर्षीच्या मूर्ती फळ्यांवर बिनडोळ्यांच्या उभ्या राहू लागल्या. "कुणाला तरी शिकवा," एवढं म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. कारखाना आता बंद पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मामांची मुलगी नलू ग्रीसमध्ये होती. तिचा नवरा तिथं जहाजाच्या ऑफिसात. तिनं बापाचं मन रमावं म्हणून एप्रिलमध्ये तिकीट पाठवलं. गावाचं नाव मामांनी मला नंतर सतरा वेळा सांगितलं आणि सतराही वेळा वेगळं. पण समुद्राचं वर्णन मात्र अक्षराअक्षराला सारखं. पहिले दोन दिवस ते पाण्याकडे बघत नुसते बसून होते. "असा निळा मी आयुष्यात कालवला नाय," म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर खाली आला. मग किनाऱ्यावर उघडीवाघडी पडलेली गोरी माणसं त्यांना दिसली. दुसरा कुणी लाजला असता. मामांनी कारागिराच्या नजरेनं निरीक्षण केलं: "एक अंग वाळलं की आपनहून पालथे होतात हो! हितं हजार मूर्ती मला हातानं फिरवाव्या लागतात."

तिथल्या लोकांचा मोठा सण होता. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली पालखी निघाली. सगळं गाव हातात मेणबत्त्या घेऊन मागे, तोंडानं गाणं. पालखीवाले चालत चालत थेट समुद्रात शिरले. आता पेणच्या माणसाला याचा अर्थ काय वेगळा सांगायचा? मामांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हात द्यायला तेही पाण्यात! नलू काठावरून "अहो बाबा, अहो बाबा" करतेय. पालखीवाल्यांनी त्यांना प्रेमानं जागा दिली. कमरेएवढ्या पाण्यात प्रार्थना झाली, मामांनी मनातल्या मनात मोरया केला आणि आता बुडवणार म्हणून श्वास धरला, तर मंडळी पालखी घेऊन सरळ देवळाकडे माघारी! मामा भिजलेले, तोंड उघडं. "विसर्जन ऱ्हायलं काय गो?" त्यांनी नलूला विचारलं. ती म्हणाली, त्यांच्यात बुडवत नाहीत. मग तेही पालखीमागून चालू लागले. उंबऱ्याउंबऱ्यावर दिवे, पाण्यात दिवे. आपल्या अंगावर काटा राहिला होता, असं त्यांनीच मला सांगितलं.

शेवटच्या दिवशी नलूनं त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथं एक संगमरवरी बाई उभी. मानेचं वळण, साडीसारख्या वस्त्राच्या चुण्या, ओठ. मामा म्हणे तिच्याभोवती दोनदा फिरले. आणि डोळे बघतात तर कोरे! बाहुल्याच नाहीत! "अगो, आखणी ऱ्हायलीय हिची!" असं म्हणून त्यांनी कितीतरी महिन्यांनी खिशातला ब्रश काढला आणि बाहुली नेमकी कुठं यायला पाहिजे ते लांबूनच हवेत मोजू लागले. पहारेकरीण धावत आली. नलूनं तिला समजावलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, डोळे होते, रंगानं काढलेले. दोन हजार वर्षांत उडून गेले.

मामांचा हात हवेतच राहिला. तो थरथरत होता, आणि ते त्यांनाही दिसत होतं.

"हिचे डोळे काढनाऱ्यानं कुनाला शिकवलं नसंल," ते नलूला म्हणाले. "नायतर कुनीतरी परत भरले असते."

परत आल्यावर आठवडाभरातच मामांनी मला कारखान्यात बोलावलं, दार लावलं आणि एक वीतभर मूर्ती माझ्यापुढे ठेवली. "बघायचं मी. हात तुमचा." माझं मनगट त्यांनी धरलं. त्यांचा कंप माझ्या हाताला लागत होता, तरी पहिली रेघ त्यांनीच माझ्याकडून ओढून घेतली. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्यांनी मनगट सोडलं. त्या दिवसापासून मी दर सुटीला तीच एक गोष्ट शिकत राहिलो. माझा हात काही बसत नव्हता. कितीतरी मूर्तींचे डोळे त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून मला पुन्हा काढायला लावले. शेवटी श्रावणात एक मूर्ती त्यांनी उजेडात नेली, जवळून पाहिली, लांबून पाहिली, डावीकडून, उजवीकडून.

"बघतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातला ब्रश माझ्या खिशात घातला आणि बाकीच्या मूर्तींचे पितांबर रंगवायला खाली बसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचं ते वाकलेलं डोकं बघून मला भडभडून आलं, आणि पुढचे डोळे मी काढले ते अर्धे न दिसताच.