दोन आठवडे मुलीकडे बघताना

मुलगी केजीत होती तेव्हा शाळेने आम्हा दोघांना एकेक फॉर्म दिला. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नवऱ्याची बदली दूर, अबूधाबीच्या पलीकडे रुवैसच्या साइटवर झाली होती. तो गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारची सुट्टी संपली की परत जायचा. तेव्हापासून मुलीने वर्गात बोलणं सोडलं होतं. डबा तसाच परत यायचा. घरी मात्र तिची काहीच तक्रार नसे.

शाळेतल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, "एवढ्या लहान मुलांना ताण सांगता येत नाही. तो आईवडलांनी बघायचा असतो. दोन आठवडे बघा, मग खुणा करा."

फॉर्मवर तीसेक वाक्यं होती. मन दुखावलं की मूल रडतं. लपून बसतं. मोठ्या माणसाकडे जातं. एखादी वस्तू घट्ट धरून ठेवतं. प्रत्येकापुढे तीन चौकोन: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.

मी दुबईत, देरातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात होते. सकाळी आठ ते एक, मग पुन्हा चार ते सात. राहायला शारजात. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर सगळा वेळ ट्रॅफिकमध्येच जायचा, म्हणून मी ऑफिसातच टेबलावर डोकं टेकून पडायचे. घरी पोचायला साडेआठ. शाळा सुटल्यावर मुलगी समोरच्या फ्लॅटमध्ये असायची, रत्नागिरीकडच्या एका मुस्लिम बाईंकडे. मी त्यांना आपा म्हणायचे, मुलगी खाला, म्हणजे मावशी.

पहिला आठवडाभर मी फॉर्म समोर घेऊन बसले, पण बघण्यासारखं काही घडेचना. ती जेवायची, ब्रश करायची, सांगितलं की झोपायची. मी 'कधीच नाही'वर खुणा करत गेले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. अजून एक गोष्ट निस्तरायचं बळ माझ्यात नव्हतं. नवऱ्याने त्याच्या फॉर्मवर 'मोठ्या माणसाकडे जातं'पुढे 'नेहमी'वर खूण केली, कारण शुक्रवारी ती त्याच्या मांडीवरून उतरलीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात तिला न्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, "आपा, ही कधी रडते का हो?"

"रोज रडते, वहिनी," त्या म्हणाल्या. "शाळेतून आली की बूट न काढता बाथरूममध्ये जाते, दार लोटून घेते. मी बाहेर बसून राहते. मग येते नि माझ्या ओढणीचं टोक धरून घरभर फिरते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

पॅसेजमध्ये मी मुलीला विचारलं, "घरी का नाही रडत तू?"

"यू आर टायर्ड, मम्मा," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच.

मी आपांना शाळेत घेऊन गेले. फॉर्म फक्त पालकांसाठी आहे, असं काउन्सेलर बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "दुपारचं मूल यांनीच बघितलंय." बाईंनी तिसरा फॉर्म काढून दिला. आपांना इंग्रजी येत नव्हतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि त्या म्हणतील तिथे माझ्याच हाताने खूण करत होते. माझ्या मुलीबद्दल त्यांना एकदाही अडखळावं लागलं नाही.

तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बाईंनी एकेक ओळ ताडून बघितली. "तिला स्वतःला सावरता येतं," त्या म्हणाल्या. "पण ती तुम्हालाही सावरतेय. ते तिचं काम नव्हे."

संध्याकाळची पाळी सोडता येईल का, असं मी साहेबांना विचारलं. ते "इन्शाल्ला" म्हणाले, तेव्हाच उत्तर 'नाही' आहे हे कळलं. दोन महिन्यांनी शारजातच एका क्लिनिकमध्ये सकाळची नोकरी मिळाली. दमणं काही कमी झालं नाही, पण दुपारी मी घरी असायचे.

एके दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून ती स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ फरशीवर बसले. ती खूप वेळ रडली.

वर्गात ती बोलायला लागली ती पुढच्या वर्षी, आणि तेही आधी फक्त बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीशी.