स्वप्ननगरीत मरायची घाई

दोन हजार सालानंतरचा एक मे महिना. वर्ध्याच्या आमच्या घरी, कूलरसमोर चटई टाकून मी एक अख्खी स्वप्ननगरी चालवत होतो. पुण्याच्या मावसभावाने एका इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स दिली होती. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले योद्धे नाहीतर जादूगार व्हायचं, आणि वार लागला की हुकला हे फाशाने ठरवायचं. त्या खेळाचे वीस बाजूंचे फासे आमच्याकडे कुठले मिळायला? लुडोचा घेतला. गोष्ट सांगणारा अर्थात मीच. दुसऱ्याची गोष्ट मला ऐकवत नाही.

खेळायला कॉलेजातले तिघे मित्र. त्यातल्या एकाचं जवळच्या आंजी गावात किराणा दुकान होतं, आणि त्याच्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं होतं. दवाखान्यात तो सगळ्यांवर खेकसत बसला होता, म्हणून त्याच्या आईनेच त्याला माझ्याकडे पिटाळलं होतं.

स्वप्ननगरीवर मी भारी मेहनत घेतली होती. तिथले जिने उतरताना वर जायचे, आणि ड्रॅगन माणसाची भीती हुंगत यायचा. त्याने पहिला योद्धा गिळला, तेव्हा मी आवाज खोल नेऊन त्याचं मरण जाहीर केलं. पोरं हादरतील अशी माझी समजूत. तर मेलेला खुशीत म्हणाला, स्वप्नात मेलं की आयुष्य वाढतं, आजी सांगते, तेव्हा आता माझी ताकद वाढवून दे. जादूगाराला हे लगेच पटलं. नियमांत असं कुठेही नाही, हे मी झेरॉक्स नाचवून सांगितलं. कोण ऐकतो? मेलेला परस्पर जिवंत झाला आणि दोघांनी ड्रॅगनच्या तोंडात शिरायला रांग लावली. माझी मेहनत पाण्यात गेली आणि माझं डोकं फिरलं.

आंजीवाल्याने लुडोचा फासा माझ्यापुढे सरकवला.

"माह्या बाबाले घे खेळात," तो म्हणाला. "अन् मारून टाक."

कुणी हसलं नाही. मी काकांना स्वप्ननगरीत आणलं, दुकानात बसायचे तसेच, बनियनवर. ड्रॅगनने झडप घातली, मारायला सहा हवा होता, फाशावर एक पडला. काका वाचले. आम्ही हळहळलो. पुन्हा फासा टाकला, पुन्हा वाचले. योद्ध्याने तलवार टाकून ड्रॅगनला वाट दाखवली, जादूगाराने मंत्राने काकांचे पाय बांधले, तरी काका निसटतच होते. मी देवबीव मानत नाही, पण मनातल्या मनात हात जोडून सहा मागत होतो.

आंजीवाला चिडला. "मारता येत नाई तर खेळ काऊन चालवून राह्यला?"

मी फासा खिशात घातला. ड्रॅगनने काकांना एका घासात गिळलं, असं ठणकावून सांगितलं. गोष्ट सांगणाऱ्याला तेवढा हक्क असतोच.

"पक्के मेले ना?" त्याने विचारलं.

"पक्के."

आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच तो हमसून रडायला लागला.