तिला न चालणारं शरबत

माझी बायको देगलूरची. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा तिच्या बोलण्यात तिकडचे तेलुगू शब्द सहज यायचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा मी तिच्या पेल्यात पाणी ओतत होतो. ती म्हणाली, "चालू." मी ओततच राहिलो आणि पाणी ताटाभोवती पसरलं. चालू म्हणजे पुरे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बरीच वर्षं मुरुडला एसटीनं जाऊन-येऊन केली. घरात काय शिजतं, कसं शिजतं, हे मी कधी बघितलं नाही. आश्विनात दसऱ्याच्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारातली वंदना आटोपून गल्लीतले लोक पांढऱ्या कपड्यांत आमच्याकडे यायचे आणि बायको त्यांना शरबत द्यायची. मोसंबी, डाळिंब आणि पेरू यांचं ते शरबत. त्यासाठीचा पाक ती आठ दिवस आधी करून बाटलीत भरून ठेवायची. मी बैठकीत बसून पेले वाटायचो, तेवढंच माझं काम.

मी रिटायर झालो आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपीचं दुखणं तिनं अंगावर काढलं होतं, आणि मलाही ते कळलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचा एक कागद दिला. पेरूची एखादी फोड चालेल. मोसंबी, डाळिंब, केळी, नारळपाणी बंद. पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा आणि वरण धरायचं. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. सकाळी एक बाटली भरून तिच्यासमोर ठेवायचो आणि ती कितीवर आली यावर दिवसभर नजर ठेवायचो. ती मला हेडमास्तर म्हणायला लागली. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तिच्यासाठी दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

त्या वर्षी आश्विन लागला तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं. नांदेडहून मुलीचा फोन आला, दसऱ्याला येते म्हणून. तेव्हा बायको म्हणाली, शरबत करायचं. मी म्हणालो, बाजारातून बाटली आणू, पाण्यात मिसळून देऊ. तिनं मान हलवली.

"तुम्ही करा. मी सांगते."

स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून ती बसली. डायलिसिसच्या सुया टोचायचा डावा हात तिनं मांडीवर जपून ठेवला होता. पातेल्यात साखर बुडेल एवढंच पाणी घाला, असं तिनं सांगितलं. उकळी आल्यावर चमचाभर दूध घालायला लावलं, मग वर आलेली मळी काढायला. त्यात ठेचलेलं आलं आणि दोन लवंगा. पहिल्या वेळी मी गॅस मोठा ठेवला आणि पाकाची पुन्हा साखर झाली. ती रागावली नाही. लई घाई करून राहिलात, एवढंच म्हणाली. दुसऱ्या वेळी वरून साखर टाकत होतो, तर ती "चालू" म्हणाली आणि माझा हात जागीच थांबला. एवढ्या वर्षांत तेवढं तरी शिकलो होतो.

एकतारी झाला का ते मला कळेना. चमचा तिच्यापाशी नेला. तिनं त्यातला थेंब अंगठ्यावर घेतला, बोटानं दाबून उचलला. बारीक तार निघाली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. पाक झाला की नाही हे मी बघतच नव्हतो. ती बोट तोंडात घालते की काय, हे बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं.

"न्हाई चाटत," ती म्हणाली, आणि बोटं पदराला पुसली.

मग तिनं सांगितलं, डाळिंब मिक्सरला लावू नका, बी फुटली की तुरट होतं. दाणे फडक्यात बांधून पिळा. पेरू थोड्या पाण्यात शिजवून गाळा. मोसंबी मात्र ऐन वेळेलाच पिळायची, आधी पिळून ठेवली की कडू होते. ही एवढी शिकवणी कशाला, मी एका दसऱ्यापुरतं निभावून नेईन, असं मी म्हणालो. त्यावर तिनं शांतपणे विचारलं, पुढल्या वर्षी लोक आले तर तुम्ही त्यांना काय देणार? मी तिला असं बोलल्याबद्दल रागावलो आणि ओटा पुसायला लागलो. ओटा स्वच्छच होता.

दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून बैठकीत बसली. येईल त्याला सांगत होती, ह्यांनी केलंय. लोक नवल करत होते, दुसरा पेला मागत होते. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची, पहिला घोट गिळेपर्यंत.

लोक गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. मुलगी तिच्या शेजारी पेला घेऊन बसली होती. बायको तिला म्हणाली, मला एक चमचा दे, फक्त चव बघते. मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"एक चमचाच आहे, बाबा."

मी नाही म्हणालो. कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं. उद्याचा अख्खा दिवस जायचाय, डायलिसिस परवा आहे, हेही सांगितलं. वर्गात सांगावं तसं सांगितलं. बायकोनं वाद घातला नाही. बर्फाचा तुकडा मागितला, तो मी दिला आणि तिच्या बाटलीतलं तेवढं पाणी कमी केलं. मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आपला पेला मोरीत ओतला. आवाज मला ऐकू आला.

मार्गशीर्षात बायको गेली. सकाळी चहा घेतला, आडवी झाली आणि हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं असं होतं. महिन्याभरानं काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी गेलो. निघता निघता त्यांना विचारलं, तेव्हा एक चमचा शरबत दिलं असतं तर? त्यांनी लिहिता लिहिताच उत्तर दिलं, मान वर न करता.

"एका चमच्यानं काही झालं नसतं, काका."

हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

पुढच्या आश्विनात मुलगी म्हणाली, बाबा, यंदा राहू द्या. मी केलं. पाक जमला. विहारातून लोक आले, प्यायले, तिची आठवण काढून गेले. मला काही ते पिता आलं नाही. उरलेलं थर्मासात भरलं आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस सेंटरला गेलो. आत कुणाला चालणार नाही हे मला ठाऊकच होतं. बाहेरच्या बाकावर पेशंटची माणसं चार-चार तास बसून असतात. त्यांच्यात मी कित्येक महिने बसलो होतो. सगळ्यांना थोडं थोडं दिलं.

उदगीरकडचा एक म्हातारा शेजारी होता, बायकोला घेऊन यायचा. अर्धा पेला प्यायला आणि थांबला. मला विचारलं, हिला एक चमचा दिलं तर चालंल का?

माझ्या तोंडाशी होकार आला होता. पण ती त्याची बायको होती आणि तिचं दुखणं मला माहीत नव्हतं.

"आत जाऊन डॉक्टरांना विचारा," मी म्हणालो. "पण विचाराच. मी विचारलं नव्हतं."

तो आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. आत्ता मशीन चालूच हाय, एक चमचा द्या म्हणाले, असं त्यानं सांगितलं. मी चमच्यात शरबत ओतलं. सांडू नये म्हणून तो खाली तळहात धरून हळूहळू चालत गेला. दाराला वर काच होती. मी उठून बघितलं नाही.

चमचा धुऊन आणून देताना तो म्हणाला, चांगलं झालंय म्हणली, जरा गोड जास्त हाय. मी मान हलवून हाव म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी रडतोय हे मला समजलं.

घरी आलो आणि दुपारीच मुलीला नांदेडला फोन केला. त्या एका चमच्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं. ती म्हणाली, उद्या बोलते, बाबा. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. मी जेवलो का ते विचारलं, तिकडं पाऊस पडून गेल्याचं सांगितलं. शरबताचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.